बाळ्यास पत्र: वाडी, बावखळ आणि बिल्डर

वसई,
ऑक्टोबर २०२५

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी तब्येतीच्या, दोन पोरांच्या आणि मग एकदम, वाडीला गिऱ्हाईक आलंय, भाव बरा देतोय, तुझं मत कळव. खाली ताजा कलम, की गावात बिल्डरविरुद्ध सह्या कसल्या चालल्यात तेही लिही. अरे, हे दोन प्रश्न नव्हेतच. ज्याच्याविरुद्ध सह्या चालल्यात, त्याचाच माणूस तुझं गिऱ्हाईक आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर तू "बरं बरं" म्हणतोस आणि करायचं तेच करतोस.

आधी हकीकत. तुमच्या वाडीच्या मागची नारळांची लांबट पट्टी गेल्या वर्षी विकली गेली. लगेच भोवती निळे पत्रे लागले. पाटी अजून नाही, पण एजंटांच्या मोबाइलवर चित्र फिरतंय. खाली पार्किंग, वर सात मजले, तीन विंगा आणि मागे निळाशार समुद्र, अगदी कंपाउंडला लागून. खरा समुद्र किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे. आपला रस्ता मात्र चित्रात नाही. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी कुंपणात शिरावं लागतं, तोच रस्ता अजून आहे.

हरित पट्ट्यात एफएसआय (जमिनीच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण) मुद्दाम कमी ठेवलेला असताना सात मजले कसे, असं मी त्या एजंटला विचारलं. तो हसला. म्हणाला, "काका, नवा आराखडा येतोय, झोन बदलणार." जुना विकास आराखडा २००१ ते २०२१ चा. त्याची मुदत संपली, नव्याचं काम चालू आहे आणि तेवढ्या फटीत हे सगळे घुसलेत. कुणाला जाब विचारायचा म्हटलं तर तेही सोपं नाही. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून महापालिका केली, तेव्हा आपली ग्रामसभा गेली. आणि २०२० पासून महापालिकेवर प्रशासक आहे, म्हणजे आज नगरसेवकही नाही. साहेब भले असतील, पण त्यांची बदली होते. आपली कुठे होणार?

तू गाव सोडलंस त्याआधीचं थोडं तुला आठवत असेल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने वसईचा पट्टा बांधकामाला मोकळा केला, १९९० मध्ये सिडको आली. त्या वेळी फादर दिब्रिटोंनी हरित वसईची हाक दिली. चर्चच्या आवारात आणि देवळाच्या मंडपात एकाच मागणीसाठी माणसं जमली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बिल्डर आणि गुंड यांच्यातली रेघ तेव्हा फार पुसट होती आणि सभेला जाताना आई दारात उभी राहून "लवकर ये" म्हणायची, ते उगाच नव्हतं. फादर २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा महाराष्ट्राला ते लेखक म्हणून दिसले. आपल्याला ते पाण्यासाठी भांडणारे म्हणून आधीपासून माहीत होते. गेल्या वर्षी जुलैत गेले.

पुढे गावं महापालिकेतून बाहेर काढा म्हणून आंदोलन पेटलं. त्यावर विवेक पंडित आमदार झाले, २०११ मध्ये २९ गावं वगळल्याचा निर्णयही निघाला, मग तो कोर्टात अडकला. २०२४ मध्ये सरकारने ती गावं महापालिकेतच ठेवायची ठरवली. इतक्या वर्षांच्या मोर्चांचं फलित एवढंच. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, जीव जळतो.

आता तुमच्या बावखळाकडे, वाडीतल्या त्या पाणी साठवणाऱ्या तळ्याकडे येतो. खरा मुद्दा तिथे आहे.

परवा मी मुद्दाम जाऊन आलो. पावसाळा नुकताच सरलाय, त्यामुळे काठोकाठ भरलंय. वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसतात, तुझ्या आजोबांनी बसवलेला कपडे धुवायचा दगड पाण्याखाली आहे. पंपाच्या खोलीचं दार मोडलंय, पण पंप चालतो, शेजारचे अजून त्यावर केळी भिजवतात. दक्षिणेच्या काठाने मात्र राबीट पडलंय. विटांचे तुकडे, फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या, कमोडचा अर्धा भाग. मुंबईत कुणाचं तरी बाथरूम नवं झालं आणि जुनं तुमच्या बावखळात आलं. डंपर रात्री येतात. नंबरप्लेटवर चिखल फासलेला असतो. सकाळी विचारावं तर कुणी काही पाहिलेलं नसतं.

तू इंजिनीयर आहेस, तुला हे शिकवायला नको, तरी लिहितो. आपला पश्चिमेचा पट्टा म्हणजे समुद्र आणि खाडीच्या मधली वाळूची जमीन. खाली खारं पाणी आणि त्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर. बावखळात चार महिने पाऊस साठतो, मुरतो आणि तो थर जाड राहतो. बावखळ बुजवलं की मुरणं थांबलं. वर बोअर मारून उपसा वाढवला की खारं पाणी वर चढतं. हे पुस्तकातलं नाही. टँकरवाल्यांनी आपल्या विहिरींचं पाणी नालासोपाऱ्याला आणि भाईंदरला विकलं, त्या वर्षांत पानवेली कशा गेल्या ते तुझ्या वडिलांना विचार. आधी पानांच्या कडा करपल्या, मग वेल मांडवावरून सुटले. माझ्या मोगऱ्याला आता तेच दिसू लागलंय. पहाटेच्या लोकलने दादरला फुलं नेणारी घरं आपल्या आळीत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

आणि यातली गंमत ऐक. जुलै २०१८ मध्ये रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या, मिठागरात माणसं अडकली, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. त्यानंतर महापालिकेने आयआयटी आणि नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे तज्ज्ञ बसवले. त्यांनी अभ्यास करून उपाय सांगितला, धारण तलाव बांधा. म्हणजे पावसाचं पाणी काही काळ धरून ठेवणारे खड्डे. अरे, वाडीवाडीत होते की! एकीकडे ते बुजू द्यायचे आणि दुसरीकडे टेंडर काढून नवे खोदायचे. सनसिटी-गास रस्त्याला पावसाळ्यात अजूनही गुडघाभर पाणी असतं.

सह्या चालल्यात त्या याच्यासाठी. अर्जात तीनच गोष्टी आहेत. बावखळं आणि नैसर्गिक नाले नकाशावर दाखवा, ते बुजवणाऱ्यावर गुन्हा नोंदवा, आणि पाणी व सांडपाण्याची सोय असल्याशिवाय हरित पट्ट्यात झोन बदलू नका. मलनिस्सारणाची वाहिनी नाही. त्या तीन विंगांचं सांडपाणी सेप्टिक टाकीतून कुठे जाणार? वाळूत. आणि वाळूतून तुमच्या-आमच्या विहिरीत.

सभेतलं सगळंच मला पटतं असं समजू नकोस. एक जण उठतो आणि "बाहेरचे लोक, बाहेरचे लोक" सुरू करतो, तेव्हा मला खाली बसवत नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहरात बारा लाखांवर माणसं होती, आता किती झाली असतील देव जाणे. ही माणसं हौसेने इथे आलेली नाहीत. मुंबईत परवडत नाही म्हणून आलीत आणि लोकलच्या दाराला लटकून रोज नोकरीला जातात. नालासोपारा पूर्वेच्या त्या ४१ इमारती आठव. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या. हायकोर्टाच्या आदेशाने या वर्षी फेब्रुवारीपर्यंत त्या सगळ्या पाडल्या, दोन-अडीच हजार कुटुंबं सामानासकट रस्त्यावर आली. बांधणाऱ्यांनी पैसे केव्हाच खिशात घातले होते. ऑगस्टात विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळली, १७ माणसं गेली, तीही इमारत बेकायदा. या लोकांना घर नको असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? घरं हवीतच. स्टेशनजवळ, जिथे रस्ता, पाणी, गटार आहे तिथे जुन्या मोडकळलेल्या इमारतींच्या जागी उंच बांधा, मी सही करतो. पण बावखळ बुजवून बांधलेल्या घरात पहिल्या पावसात पाणी शिरेल ते त्या गरिबाच्याच तळमजल्यावर.

आणि आपल्यातलेही काही कमी नाहीत. माइक हातात घेऊन "हरित वसई" ओरडणाऱ्यांत दोघे असे आहेत की ज्यांनी स्वतःच्या जमिनीचे गुंठे पाडून बैठ्या चाळी उठवल्यात. कोण ते तू ओळखशील. एक तर तुझ्या सोयरिकीतलाच आहे.

आता तुझ्या गिऱ्हाइकाचं. तो भाव "बरा" का देतोय, याचा विचार केलास का? तुझी वाडी त्याला इमारतीसाठी नकोच आहे. मागच्या पट्टीला रस्ता अरुंद आहे, आणि आता किती उंच बांधता येईल, किती एफएसआय मिळेल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. तुझी वाडी मिळाली की तिची एक बाजू रस्त्याला देऊन टाकायची आणि मागे हवं तेवढं उठवायचं. तो रस्ता नेमका बावखळावरून जातो. मी मोजणीचा जुना नकाशा काढून पट्टी ठेवून पाहिलंय, दुसरीकडून वाट निघत नाही, कारण पलीकडे चर्चची जागा आहे आणि ती ते देणार नाहीत. थोडक्यात, तू नाही म्हणालास तर सात मजले तिथे उभे राहणं कठीण आहे. सह्यांपेक्षा तुझ्या नकाराला वजन आहे, हे गावात अजून फारसं कुणाला कळलेलं नाही. मीही कुणाला सांगितलेलं नाही, नाहीतर उद्यापासून तुझा फोन वाजत राहील.

विकूच नकोस असं मी म्हणणार नाही. धाकटीच्या शिक्षणाचा खर्च आहे, काकांचं डायलिसिस आहे, आणि केळीच्या घडांवर यातलं काही भागत नाही हे मला कळतं. पैशाची नड असेल तर रस्त्याकडचा तुकडा, जिथे जुनं घर पडलंय, तो विक. शाळेतल्या गुरुजींचा मुलगा स्वतःच्या घरासाठी जागा शोधतोय. भाव बिल्डरएवढा देणार नाही, पण बावखळ राहील. बाकीची वाडी शेजाऱ्यांना खंडाने द्यायची तर मी बोलून बघतो. ते पंप दुरुस्त करायलाही तयार आहेत.

एवढं मात्र ऐक. एजंट कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवेल आणि "फक्त मोजणीसाठी" म्हणेल. त्यावर सही करू नकोस. टोकन घेऊ नकोस, जीपेवर तर अजिबात नको. आणि सातबाऱ्यावर बेबीताईचं नाव अजून आहे. तिला विचारल्याशिवाय तू एक गुंठाही विकू शकत नाहीस, हे त्याला माहीत आहे. तो तिच्याकडे विलेपार्ल्याला जाऊन आलाय, हे तुला माहीत आहे का? तिनेच मला सांगितलं. आजच तिला फोन कर.

सोबत तहसीलदारांच्या नावाचा अर्ज जोडलाय, बावखळात टाकलेलं राबीट काढून घ्यावं म्हणून. मालक म्हणून तुझी सही असेल तर त्याला अर्थ आहे. दोन प्रतींवर सही करून आधार कार्डाच्या झेरॉक्ससह स्पीड पोस्टाने पाठव. कुरिअर नको, आमच्या आळीत तो पाकीट दुसऱ्याच्याच घरी देतो.

काका-काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना