माळ्यावरचा संगणक

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. रोहित यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हिशेब मी दोनदा वाचला. एका नव्या ब्लॉकचेनच्या नोडचे लायसन्स दीड लाखाला घ्यायचे, रोज ठरावीक टोकन जमा होणार आणि आठ महिन्यांत मुद्दल वसूल, असे त्यात मांडले आहेस. मला समजले ते असे: ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली व्यवहारांची वही, नोड म्हणजे ती वही सांभाळणारा एक संगणक आणि टोकन म्हणजे त्या चेनचे डिजिटल नाणे. आकडेमोड बरोबर आहे, पण गिऱ्हाइकाचा रकानाच त्यात नाही. आपली लेथ दिवसभर फिरली म्हणून पैसे मिळत नाहीत, कोणीतरी शाफ्टचा जॉब देतो आणि बिल चुकते करतो म्हणून मिळतात. त्या चेनवर व्यवहार कोण करतो, फी कोण भरतो, आणि रोज नवे टोकन छापले गेल्यावर ते विकत घेणारा कोण, हे विक्रेत्याला विचार.

मीही पंधरा दिवस रात्री यावर वाचत बसलो होतो. (तुझ्या आईने चष्म्याचा नंबर वाढल्याचे खापर तुझ्यावर फोडले आहे.) बिटकॉइनचा नोड २००९ पासून लोक चालवतात, पण त्याबद्दल त्यांना एक पैसाही मिळत नाही; नव्या ब्लॉकमागे, म्हणजे वहीत जोडलेल्या व्यवहारांच्या नव्या गठ्ठ्यामागे, मिळणारे बक्षीस, जे एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन आहे, ते मायनिंग करणाऱ्याचे, म्हणजे संगणकाची ताकद लावून तो ब्लॉक जोडण्याची शर्यत जिंकणाऱ्याचे. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनमध्ये १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग बंद होऊन व्हॅलिडेटर, म्हणजे अनामत ठेवून ब्लॉक तपासणारे आणि त्यावर सही करणारे, आले आणि तिथे उत्पन्न खरोखर आहे. मात्र स्वतःचा व्हॅलिडेटर उभा करायला किमान ३२ इथर (इथेरियमचे नाणे) अनामत ठेवावे लागतात. म्हणजे हाती येते ते बहुतांशी ठेवीवरचे व्याज, आणि त्या ठेवीची रुपयांतली किंमत रोज वरखाली होते.

विजेबद्दल तू सुचवलेला तोडगा मात्र मला धोक्याचा वाटतो. २०१९ च्या पुरात आपल्याकडे सहा दिवस वीज नव्हती, म्हणून एक यंत्र इथे आणि तसेच दुसरे पुण्यात तुझ्या खोलीवर, अशी जोडी चालू ठेवावी असे तू म्हणतोस. इथेरियममध्ये यंत्र बंद पडले तर एरवी त्या वेळात जेवढी कमाई झाली असती साधारण तेवढाच दंड बसतो, म्हणजे सहा दिवसांची खोट पुढच्या सहा-सात दिवसांत भरून निघते. पण एकाच व्हॅलिडेटरची सहीची चावी (ज्या गुप्त कोडने तो सही करतो तो) दोन यंत्रांवर राहिली आणि दोघांनी एकाच वेळी परस्परविरोधी सह्या केल्या, तर अनामतीचा काही भाग कापला जातो आणि व्हॅलिडेटर कायमचा बाहेर काढला जातो. वीज गेली तर नोड अंधारात पडू द्यावा, हे आपल्या धंद्याच्या सवयीविरुद्ध आहे खरे. मला स्वतःलाही ते पटायला दोन दिवस लागले.

कराचेही तू धरलेले नाहीस. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून होणाऱ्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, आणि त्यात खरेदीच्या किमतीखेरीज काहीच वजा होत नाही. वर्कशॉपच्या हिशेबात आपण करंट बिल, इन्सर्ट, पगार सगळे वजा करतो. इथे डिस्क, वीज आणि इंटरनेटचा खर्च त्या नफ्यातून वजा होणार नाही, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यात वळताही करता येत नाही.

तेव्हा दीड लाख मी देणार नाही, आणि तूही कर्ज काढू नकोस. शिकायचे असेल तर बिटकॉइनचा नोड आपल्याच घरी लावू. माळ्यावरचा जुना संगणक मी काल खाली काढला. पंख्यात लोखंडाचा बुरा इतका बसला होता की पाती हाताने फिरेनात. ब्लोअर मारल्यावर चालू झाला. डिस्क मात्र ५०० जीबीची आहे आणि बिटकॉइनची सगळी वही तिच्यात मावत नाही, तेव्हा गणपतीला येताना दोन टेराबाइटची एसएसडी घेऊन ये. तिचे पैसे मी देतो.

तुझे
बाबा