ऑर्गन तरी कुठं सदाशिव पेठेत घडला होता?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत आपल्या पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन याच्यावरचा लेख वाचला. या मुलाच्या गाण्यात पुण्याचं काहीच नाही, सगळी अमेरिकेची उसनवारी आहे, असा लेखकाचा एकंदर आरोप. मी मंगळवार पेठेतला, सत्तरी ओलांडलेला माणूस. रॅप माझ्या कानावर पडतं ते नातवाच्या कृपेने. तरीही हे काही पटलं नाही.

उसनवारी आहे, कबूल. ज्याला ट्रॅप म्हणतात तो प्रकार अमेरिकेतल्या अटलांटाच्या वस्त्यांमधला. अमली पदार्थ विकायच्या अड्ड्याला तिथं ट्रॅप म्हणत. त्यातला पोटात घुमणारा ठोका रोलंड कंपनीच्या 1980 सालच्या 808 या यंत्राचा, आणि आवाज लोण्यासारखा घसरवणारं ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर 1997 मधलं. पण बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन असायचा, तो तरी कुठं सदाशिव पेठेत घडला होता? वाद्य कुठून आलं यापेक्षा त्यावर काय गायलं हे बघावं.

स्टॅन, म्हणजे खऱ्या नावाने अल्ताफ शेख, हा मुलगा बाराव्या वर्षी कव्वाली गात होता, हे लेखात एका ओळीत उरकलंय. माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे. कव्वालीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतात, दर वेळी थोडी वर चढवतात, शेवटी आळवणी आणि तक्रार यांतला फरकच उरत नाही. स्टॅन ऑटोट्यूनमधून रडक्या आवाजात ओळ ओढतो तेव्हा मला तीच सवय ऐकू येते. हा माझ्या कानाचा अंदाज, पुरावा नाही.

भाषेबाबत मात्र अंदाज बांधायची गरज नाही. तो वाढला तो ताडीवाला रोड म्हणजे पुणे स्टेशनला लागून असलेली वस्ती, रेल्वेच्या आसऱ्याने कुठून कुठून आलेल्या माणसांची. तिथली हिंदी 'मेरेको-तेरेको'ची, मराठीच्या पाण्यात भिजलेली. ती दिल्लीच्या पोराला जमणार नाही. त्याच्या 2020 च्या अल्बमचं नावच बघा: 'तडीपार'. हा शब्द अटलांटाचा नव्हे, आपल्याच अंकातला आहे. 'सराईत गुंड दोन वर्षांसाठी तडीपार' ही बातमी आम्ही चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. त्या वस्तीतल्या पोराला मात्र तो शब्द गल्लीतल्या कुणाच्या तरी दारावर चिकटलेला दिसत असणार. त्याने तो उचलून स्वतःच्या कपाळावर लावला. याला उसनवारी कसं म्हणायचं?

पुण्याची शुद्ध मराठी म्हणून आपण जी मिरवतो ती फार तर चार-पाच पेठांची. तेवढंच पुणे असतं तर लेखकाचं म्हणणं खरं ठरलं असतं.

याचा अर्थ मला ही गाणी आवडतात असा नाही. शिव्या ऐकून मी दोनदा खोलीबाहेर गेलोय, आणि बायकांविषयी तो जे बोलतो त्याची लाज वाटते. त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांचं कौतुकही माझ्या डोक्यावरून गेलं. लेखकाने त्यावर झोडपलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. फेब्रुवारी 2023 मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला तेव्हा आमच्या सोसायटीत 'हा कोण?' म्हणून विचारणारे बरेच होते. वस्ती स्टेशनपाशी, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, पुणे

ता. क. : स्टॅनच्या तोंडी असलेला 'शेमडी' हा शब्द कोणत्या भाषेतला ते कळत नाही, असं लेखकाने लिहिलंय. घरातल्या कुठल्याही आजीला विचारावं. शेंबडी.