यजमानांचे हेतू बदलतात, खेळाडू भरडतात

राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद २०३० साठी अहमदाबादला मिळाले, याचा आनंद आहेच. पण ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचे काय झाले, हेही आठवावे. जिलाँग, बॅलरॅट, बेंडिगो यांसारख्या शहरांचा विकास होईल, या आशेने त्या राज्याने २०२६ च्या स्पर्धा स्वीकारल्या आणि खर्च आवाक्याबाहेर जाताच जुलै २०२३ मध्ये हात वर केले. नुकसानभरपाईपोटी ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. मग ग्लासगो पुढे आले, तेही केवळ दहा खेळ घेऊन. सरकारला विकास हवा होता, राष्ट्रकुल क्रीडा महासंघाला स्पर्धा वाचवायची होती. दोघांच्या ओढाताणीत कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन वगळले गेले. २०२२ च्या बर्मिंगहॅम स्पर्धांत कुस्तीने आपल्याला सहा सुवर्णांसह बारा पदके दिली होती! चार वर्षे घाम गाळणाऱ्या मल्लाला कोणी विचारले?

२००८ च्या युवा राष्ट्रकुल स्पर्धा पुण्यात, बालेवाडीत झाल्या. तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. मैदानावरच्या मुलांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. म्हणून अहमदाबादच्या आयोजन समितीत खेळाडूंना मताधिकारासह जागा द्यावी आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा.

– एक कुस्तीप्रेमी वाचक, कोल्हापूर