पंचांगाच्या वेळा कोणत्या गावच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातली ‘आजचे पंचांग’ ही चौकट आमच्या घरी सगळ्यात आधी वाचली जाते. तिच्यातल्या वेळा मुंबईच्या असतात, पण तसे कुठेच छापलेले नसते. तक्रार एवढीच.

इंदूर मुंबईच्या जवळपास तीन अंश पूर्वेला. अंशाला चार मिनिटे, म्हणजे बारा मिनिटे झाली. त्यात आपण उत्तरेलाही आहोत, म्हणून हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. जूनमध्ये आमच्याकडे सूर्य मुंबईच्या वीसेक मिनिटे आधी उगवतो, डिसेंबरात जेमतेम पाच. थंडीतल्या संकष्टीला चंद्र पाव तास तरी आधी येतो. तो समोरच्या टाकीवर दिसत असतो आणि घरात मोदक झाकलेले, कारण पेपरातली वेळ व्हायची आहे! दिवसभराचे उपाशी माणूस त्या पाव तासात कसे चिडते ते घरोघरी ठाऊक आहे.

शेजारच्या वहिनींनी तोडगा काढला: चौकटीतल्या प्रत्येक वेळेतून सरसकट बारा मिनिटे वजा. तेही चूकच. सूर्य-चंद्रातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते, आणि तो क्षण मुंबईत, इंदुरात, काशीत एकच. तिथी-नक्षत्राच्या समाप्तीला हात लावायचा नाही. बदलतात ते उदय-अस्त आणि त्यांवर बेतलेले राहुकाळ, अभिजित, चौघडिये हे शुभ-अशुभ काळ. मात्र जूनमध्ये एखादी तिथी पहाटे ५.५० ला संपली, तर सूर्योदयाला ती इंदुरात असते, मुंबईत नसते. दिवसाची तिथी सूर्योदयाची धरायची, मग उपास कधीचा?

(सून रतलामची, हिंदी घरातली. तिचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. ते आपण मिटवावे असे म्हणणे नाही. आम्ही दोन्हीकडचे सोमवार धरतो, साबुदाणा तेवढा जास्त लागतो.)

जुन्या ज्योतिष्यांनी रेखांश मोजायला जिथून सुरुवात केली ते उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटरवर, आणि आम्ही मुंबईच्या वेळा बघत बसतो.

रोज इंदूरचे सूर्योदय, सूर्यास्त आणि संकष्टीला चंद्रोदय छापावा. जागा नसेल तर राशिभविष्यातल्या दोन ओळी कमी कराव्यात. तेही जमत नसेल तर चौकटीखाली ‘वेळा मुंबईच्या’ एवढे तरी लिहावे.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर