त्या सिस्टरांचे आभार

जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं संपवून मेडिसिन वॉर्डात पहिली नाइट लागली, तेव्हा रजिस्ट्रेशन हातात होतं, पण हात थरथरत होते. त्या रात्रीच्या सीनियर सिस्टरांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही.

इन्सुलिन भरताना त्यांनी माझं मनगट धरलं. "टोपी बघ." माझ्या हातात लाल टोपीची, म्हणजे एका मिलीला ४० युनिट मोजणारी सिरिंज होती आणि व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, मिलीला १०० युनिटची. २० च्या रेघेपर्यंत भरलं असतं तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट गेलं असतं, अडीचपट! त्या ओरडल्या नाहीत. नारिंगी टोपीची, म्हणजे १०० ची सिरिंज दिली, माझ्याकडूनच पुन्हा भरून घेतली आणि डोस स्वतः तपासला. पेशंटसमोर एक शब्द नाही. चूक झाली की चारचौघांत पाणउतारा करायची आपल्याकडे पद्धतच आहे, म्हणून हे जास्त लक्षात राहिलं.

ड्रिपचे थेंब घड्याळ लावून मोजायलाही त्यांनीच शिकवलं. बेडपॅन देताना पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, ते मात्र मावशींनी.

पहाटे चार वाजता अर्धा कप चहा पुढे करणाऱ्या वॉर्डबॉय मामांचेही आभार. सिस्टर, आता मी टोपी आधी बघते.