लासोटा दोनदा दिली, मग पक्षी का गेले?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू एवढा चिडलेला होतास की माझं बोलणं तुझ्या कानावरून गेलं, म्हणून लिहूनच पाठवते. राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगावरची लासोटा लस दोनदा दिली, ती बर्फात आणली, तरी पाचव्या आठवड्यात राणीखेतनं मरतुक सुरू झाली. म्हणजे लसच बोगस, हा तुझा निकाल. लस खराब निघू शकते, नाही म्हणत नाही. पण तू उघडलेल्या पक्ष्यांचे फोटो पाठवलेस, त्यात मी आधी बर्सा नावाची छोटी पिशवी शोधली. गुदद्वाराच्या वरच्या अंगाला, आतड्याच्या अगदी शेवटाशी असते ती. या वयाच्या ब्रॉयलरमध्ये ती प्लीहेपेक्षा ठसठशीत मोठी दिसायला हवी. तुझ्या एकाही पक्ष्यात ती अर्धा सेंटिमीटर भरत नव्हती. राणीखेत नंतर आला रे. त्याच्या आधी कुणीतरी येऊन गेलंय, आणि माझा संशय गंबोरो या कोंबड्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगावर आहे.

या बर्सेचं काम तीनशेहून जास्त वर्षं कुणाला कळलं नव्हतं. पादुआच्या फॅब्रिशियसनं तिचं वर्णन लिहून ठेवलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापलं गेलं. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिल्लांची बर्सा काढून काय होतं ते पाहत होता. वर्गात अँटीबॉडी कशी तयार होते हे दाखवायचं म्हणून त्याचा सहविद्यार्थी टिमोथी चँग यानं त्याच्याकडच्या कोंबड्या मागून नेल्या, त्यांना साल्मोनेला जिवाणूचं इंजेक्शन दिलं, आणि काहींत अँटीबॉडी तयारच होईना. वर्गातलं प्रात्यक्षिक फसलं. शोध घेतला तर त्या सगळ्या बर्सा काढलेल्या निघाल्या. त्यांचा लेख मोठ्या नियतकालिकानं परत पाठवला आणि १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला. माणसाच्या रोगप्रतिकारशास्त्राचा अर्धा पाया असा कोंबडीच्या शेपटीखाली सापडला, हे मला अजून गमतीचं वाटतं.

तर बर्सा म्हणजे बी-पेशींची तालीम. अँटीबॉडी बनवणारा प्रत्येक पैलवान तिथेच तयार होतो. आणि गंबोरोचा विषाणू नेमका या तालमीतल्या कोवळ्या बी-पेशींत शिरतो, तिथेच वाढतो, त्यांनाच मारतो. पक्ष्याच्या बचावाला चुकवण्याचा याहून सरळ मार्ग मला तरी माहीत नाही. लागण झाल्यावर तिसऱ्या दिवशी बर्सा सुजायला लागते, चौथ्या दिवशी वजन दुप्पट होतं, वरून पिवळसर चिकट थर दिसतो, कधी आत रक्तस्राव. पाचव्या दिवशी ती परत नेहमीच्या मापाला येते, आणि तेवढ्याच दिवशी पाहणारा फसतो. आठव्या दिवसापर्यंत ती मूळच्या एक तृतीयांशावर आलेली असते.

तू म्हणशील, मग तेव्हा पक्षी मेले का नाहीत? कारण तीन आठवड्यांच्या आत लागण झाली तर बहुधा लक्षणं दिसतच नाहीत. मर नाही, पांढरी हगवण नाही, सुपरवायझर येऊन 'बॅच चांगली चाललीय' म्हणून जातो. पण बर्सा गेलेली असते, आणि या वयात गेली की प्रतिकारशक्ती पुरती परत येत नाही. त्यानंतर तू दिलेल्या लासोटाला उत्तर कुणी द्यायचं? तीन ते सहा आठवड्यांत लागण झाली असती तर मांड्यांच्या स्नायूंत रक्ताचे पट्टे दिसले असते, मरतुक चढली असती, आणि तू मला तेव्हाच फोन केला असतास.

गंबोरोची लस तूही दिलीस, हे मला माहीत आहे. पण तिथे एक पेच असतो. पिल्लू आईकडून अंड्यातूनच अँटीबॉडी घेऊन येतं. ब्रॉयलरमध्ये ती साधारण तीन-साडेतीन दिवसांत निम्म्यावर येते. ती जास्त असताना लस दिली तर तीच लसीचा विषाणू मारून टाकते. वाट पाहिली तर शेडमधला विषाणू आधी शिरतो. आणि जहाल विषाणूचं दुखणं असं की लसीला जी अँटीबॉडी अडवते तिला तो जुमानत नाही. तुझी पिल्लं वेगवेगळ्या पॅरेंट फार्मची, म्हणजे वेगवेगळ्या आयांची, होती म्हणालास, म्हणजे एकाच दिवशी दिलेली लस काहींना लवकर झाली आणि काहींना उशिरा.

त्यात हा विषाणू अंगावरचं कवचही बदलतो. १९६२ मध्ये अमेरिकेत डेलावेअरमधल्या गंबोरो भागात जो रोग नोंदला गेला, त्याच्यावरच्या लसी १९८० च्या दशकात त्याच परिसरात अपुऱ्या पडल्या, कारण व्हीपी-२ नावाच्या प्रथिनातले मोजके तुकडे बदलले होते. त्याच दशकाच्या अखेरीस युरोपात अतिजहाल प्रकार निघाला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडेही पोचला.

पेशीच्या आत तर आणखी कारवाया. पेशीत परका आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, आला की तो ओळखणारी प्रथिनं असतात. बदकाकडे रिग-आय आणि एमडीए-५ अशी दोन्ही आहेत. कोंबडीत रिग-आय नाहीच. हे २०१० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं. बर्ड फ्लूचा विषाणू पोटात घेऊन बदक हिंडत राहतं आणि कोंबड्यांची शेडच्या शेड आडवी होते, त्यामागचं हे एक कारण. नवापूरला २००६ मध्ये जे झालं ते तुला आठवायचं नाही, लहान होतास. गंबोरोचं व्हीपी-३ प्रथिन स्वतःचा आरएनए झाकून उरलेल्या एमडीए-५ ला पत्ता लागू देत नाही. राणीखेतचं व्ही प्रथिन इंटरफेरॉनचा, म्हणजे शेजारच्या पेशींना सावध करणाऱ्या प्रथिनाचा, निरोपच अडवतं. गंमत म्हणजे इंटरफेरॉन १९५७ मध्ये सापडलं तेही कोंबडीच्या अंड्यातल्या पटलावर.

'पुढच्या वेळी लसच देत नाही' असं तू रागात म्हणालास. ते मनातून काढ. मॅरेक्स या कोंबड्यांत गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाच्या लसीचं उदाहरण लोक तुला सांगतील: ती लस रोग थांबवते, विषाणू थांबवत नाही. लसवंत पक्ष्याच्या पिसांच्या मुळांतून तो बाहेर पडतच राहतो, आणि २०१५ च्या एका प्रयोगात असं दिसलं की बिनलसीचे पक्षी इतक्या लवकर मेले की विषाणू पसरवायला उरलेच नाहीत. लसवंत मात्र जगले आणि पसरवत राहिले. खरं आहे. पण त्याचा अर्थ बिनलसीचा पक्षी शेडमध्ये ठेवायचा नाही, एवढाच.

आता कामाचं. गंबोरोच्या विषाणूला बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळे साध्या जंतुनाशकांना तो दाद देत नाही. रिकाम्या शेडमध्ये चार महिने टिकल्याची नोंद आहे. जमिनीवर अंथरलेलं जुनं तूस पूर्ण उचल, शेडच्या कडेलाच ढीग लावू नकोस. त्यातले काळे भुंगेही विषाणू वाहतात. धुऊन वाळवल्यावर फॉर्मेलिन किंवा ग्लुटारल्डिहाइडची फवारणी कर, मास्क लावून. लस पाण्यातून देताना त्या दिवशी क्लोरीन बंद, लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर. पहिल्या आठवड्यात काही पिल्लांचं रक्त तपासायला दे, लसीचा दिवस त्यावर ठरवू, कॅलेंडरवर नको.

आणि १४ व्या, २१ व्या नि २८ व्या दिवशी दोन-तीन पक्षी उघडून बर्सा आणि प्लीहा शेजारी-शेजारी ठेवून फोटो पाठव, बाजूला पट्टी ठेव. आत्ताच्या पक्ष्यांच्या बर्सा फॉर्मेलिनमध्ये घालून ठेवल्या असशील तर बाटलीवर तारीख आणि वय लिही, मी प्रयोगशाळेत ओळखीच्या डॉक्टरांशी बोलते. कंपनीशी भांडण त्या रिपोर्टनंतर कर.

तुझी,
आई