कुंडीतल्या अळूचं फदफदं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

टबातला अळू माजलाय म्हणतोस, तर आता फदफदं करच. घसा खवखवेल म्हणून लोक घाबरतात, पण खाज येते ती चुकीचं पान घेतल्याने आणि अर्धवट शिजवल्याने.

आधी पान ओळख. काळपट जांभळ्या देठाचा तो वडीचा अळू. हिरव्या देठाचा, फिकट पानांचा तो भाजीचा. रानात आपोआप उगवलेला अळू घेऊ नकोस. बाहेरची पानं देठासकट बुडातून काप, मधली दोन-तीन ठेव म्हणजे गड्डा पुन्हा फुटतो. पिवळी पडलेली, जून पानं टाकून दे. पावसाळ्यात पानांच्या मागे अळ्या असतात, उलटून बघ.

चौघांना दहा-बारा मध्यम पानं पुरतात. चिरण्याआधी हाताला खोबरेल तेल लाव आणि हात कोरडे ठेव. पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच टोचतात. देठाची साल सुरीने ओढून काढ, देठाचे बोटभर तुकडे कर, पानं बारीक चीर. तरीही हात खाजलेच तर चिंच चोळ.

पाव वाटी चणाडाळ आणि पाव वाटी शेंगदाणे चार तास भिजवून ठेव. हे वेगळ्या भांड्यात, अळू वेगळ्या भांड्यात. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळं एकत्र घालायचा मोह होतो. अळूला आंबट लागतं आणि आंबटात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या दे, दाताखाली कचकचते. तेव्हा लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ काढ, त्यातला निम्मा अळूच्या भांड्यात घाल, डाळीत थेंबही नको. कुकरला चार शिट्ट्या. डाळ बोटांत चिरडली पाहिजे, पण आकार राहिला पाहिजे. शेजारच्या कुंडीत आंबट चुका असेल तर मूठभर अळूबरोबर शिजव आणि उरलेल्या कोळातला थोडाच वापर.

शिजलेला अळू रवीने घोट, पण पार लगदा करू नकोस, देठाचे तुकडे लागायला हवेत. दोन मोठे चमचे बेसन गार पाण्यात कालवून त्यात मिसळ. कोरडं टाकलंस तर गुठळ्या होतील.

पातेलं स्टीलचंच घे. लोखंडी कढईत चिंचेने भाजी काळी पडते, बिनकल्हईच्या पितळेत तर आंबट करूच नये. दोन मोठे चमचे तेल, मोहरी तडतडली की पाच-सहा मेथीदाणे, हिंग, हळद, दोन-तीन हिरव्या मिरच्या, हवे तर मुळ्याचे काप. मेथीदाणे लालसर झाले की लगेच पुढचं घाल, काळे पडले की सगळी भाजी कडू. मग अळू, डाळ-दाणे, ओल्या खोबऱ्याचे काप, दीड वाटी गरम पाणी, मीठ, उरलेला कोळ, चमचाभर गोडा मसाला. मंद आचेवर निदान दहा मिनिटं रटरटू दे, नाहीतर बेसन कच्चं लागतं. दोन मोठे चमचे गूळ शेवटी. आधी घातलास तर बेसनाबरोबर तळाला धरतो.

कांदा-लसूण घालू नकोस, अळूचा वास दबतो. श्रावणातल्या नैवेद्यालाही मग हीच भाजी चालते.

वाढण्याआधी चमचाभर खाऊन दोन मिनिटं थांब. घशात खवखवलं तर आणखी थोडी चिंच घालून दहा मिनिटं उकळ, आणि तुला ताक पिऊन घे, नुसत्या पाण्याने बरं वाटत नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्या पाहुण्याला मात्र ही भाजी वाढू नकोस.

गॅस बंद करताना ती तुला पातळ वाटेल, तशीच राहू दे; गार होताना बेसनाने आळते. दुसऱ्या दिवशी गरम करताना अर्धी वाटी पाणी लागेलच.

तुझी,
आई